पेणच्या पोरांचे एकच आजोबा

पेणमध्ये चित्राला किंमत नाही असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. किंमत आहे, आणि ती छापील आहे. पोरानं चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या, आधी एलिमेंटरी नि मग इंटरमीजिएट, की दहावीच्या निकालात वरचे गुण पडतात. ए ग्रेडला सात, बीला पाच, सीला तीन. माझं स्टेशनरीचं दुकान एसटी स्टँडच्या वळणावर आहे. शाळा सुरू झाल्या की रंगपेटी घ्यायला आया येतात. आमच्या मुलाला चित्रं काढायला आवडतं, असं त्यांतली एकही म्हणत नाही. 'सात मिळतात ना नक्की?' एवढंच विचारते.

म्हणून सुरभी दुकानावरची खोली क्लाससाठी मागायला आली तेव्हा मला वाटलं, पोरगी बरोबर बाजारात आली. माल मात्र भलताच घेऊन आली होती, हे नंतर कळलं.

सुरभी ही गागोदे बुद्रुकच्या हैबतरावांची धाकटी. हैबतराव भात आणि वाल पिकवतात, रविवारी पेणला येतात आणि परतीची एसटी येईपर्यंत माझ्या बाकावर बसून जगाला नावं ठेवतात. त्या काळात जगाच्या वाट्याला त्यातली थोडीच यायची. बाकी सगळी सुरभीच्या पदवीला. पोरगी मुंबईला राहून बी.एफ.ए. झाली, पेंटिंगमध्ये. हैबतराव ती तीन अक्षरं, उपयोग न झालेल्या औषधाचं नाव घ्यावं तशी घेतात.

आणि खरंच, औषध लागू पडत नव्हतं. शाळेत कलाशिक्षकाची जागा निघाली तेव्हा हेडमास्तरांनी तिचं सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी पाहिलं, कौतुक केलं आणि सांगितलं की या जागेला शिकवण्याची वेगळी पदविका लागते. तुमची पदवी तिच्याहून मोठी आहे, पण ती नव्हे. मोठी नोट दाखवली आणि वाण्यानं सुट्टे मागितले, तसला प्रकार. मग जोह्याला, ओळखीच्या एका गणपतीच्या कारखान्यात गेली. तिला पीतांबर रंगवायला दिला. उजेड कुठून पडतोय याचा विचार करत ती दुपारपर्यंत एकाच मूर्तीपाशी बसली, तोवर शेजारची रांग रंगून उन्हात गेली होती. मालकानं चहा पाजला आणि स्वतः बसपर्यंत सोडायला आला. मग लग्नाच्या स्टेजमागे मोर काढायचं काम आलं. तिनं विचारलं, मोरच का? ते काम तिथंच संपलं.

राहिलं रोहा. तिची थोरली बहीण वैशाली रोह्याला दिलेली, आणि वैशालीचा नवरा नितेश तिथल्या एका कंपनीत शिफ्टला. त्यानं साहेबाकडे शब्द टाकून डिस्पॅचमध्ये जागा धरली. माल जातो त्या पिंपांवरची लेबलं तपासायची. साहेबानं मुलाखतीत विचारलं, पेंटिंग केलंय म्हणजे कॉम्प्युटर येत असेल. तरी पोरगी त्याला पसंत पडली. सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं घरच्या घरी होतील, हाही त्याचा हिशेब असणार. वर्षअखेर एक बाई रिटायर होणार होती, तोवर जागा राखून ठेवतो म्हणाला.

हैबतरावांनी मग निवाडा दिला. एलिमेंटरीचा निकाल लागेपर्यंत क्लास चालव. निकालानंतर पोरं टिकली तर तुझं खरं, नाही तर रोह्याला जायचं, आणि पुन्हा तोंड वर करून बोलायचं नाही. हे सगळं सुरभीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, खोलीचं कुलूप हातात घेऊन.

"कंपनी वाईट आहे असं नाही, काका," ती म्हणाली. "पण एकदा तिथं गेले की मी परत ब्रश धरणार नाही. मी स्वतःला ओळखते."

मी किल्ली दिली. पोरगी ओळखीची, आणि वरची खोली तशीही रिकामी होती.

आता इथं सुशीलसरांविषयी सांगायला हवं. पेणच्या चित्रकलेचा खरा गल्ला सरांच्या क्लासात जमतो. परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बसथांबा, जत्रा, शेतातली कामं असे विषय येतात, त्यातला एक निवडायचा आणि पाहिलेलं आठवून काढायचं. सरांच्या पोरांवर आठवायची पाळीच येत नाही. सरांनी एक फुगेवाला बसवून ठेवला आहे. तो पाठमोरा आहे, कारण चेहरा दिला की पोरं चुकतात. हातातले फुगे काढून छत्री दिली की जत्रेचा बसथांबा होतो, छत्री काढून टोपली दिली की बाजार होतो, टोपलीत रोपं टाकली की शेत. त्याच्या झेरॉक्स माझ्याच दुकानात निघतात, त्यामुळे फुगेवाल्याविषयी माझी काही तक्रार नाही. आणि निकाल म्हणाल तर ए आणि बी. दरवर्षी.

सुरभीनं पहिल्या रविवारी काय केलं, तर पोरांना खाली स्टँडवर नेऊन उभं केलं. पेन्सिल नाही, वही नाही, हात खिशात. नुसतं बघा. मग वर आणलं आणि म्हणाली, आता काढा. एकानं कंडक्टरचा फुगलेला खिसा काढला आणि कंडक्टर अर्धवट सोडला. एकानं लाल डब्याच्या खिडकीतून झालेल्या उलटीचा ओघळ फार मन लावून काढला. आणि पूजानं नुसते पाय काढले. बाकावर बसलेल्यांचे, बाकाखालून दिसणारे, चपलेतून निम्मे बाहेर आलेले, एकमेकांवर चढवलेले. माणसं वर असतील असं समजायचं.

पूजाची आई अनिताबाई पतपेढीत आहे. बाई दुसऱ्याच्या कर्जाचा हप्ता चुकला तरी अस्वस्थ होते, इथं तर स्वतःची मुलगी. ती कागद घेऊन जिना चढली.

"मॅडम, पायांना किती मार्क असतात?"

सुरभीनं समजावून सांगितलं की पूजानं जे पाहिलं ते बाकी कुणी पाहिलं नव्हतं. अनिताबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर ते पाय टाकले. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती. पाऊस सरेपर्यंत निम्मी पोरं सुशीलसरांकडे गेली, आणि जाताना आमच्याच दुकानातून फुगेवाल्याची झेरॉक्स घेऊन गेली.

अनिताबाई मात्र गेली नाही. तिकडे भरायची तर पूर्ण फी, आणि इथली गेलेली. हे तिला पटेना. तिनं तडजोड आणली. मॅडम, एक पक्कं चित्र द्या. पोरं ते पाठ करतील. आठवण्याचं वगैरे परीक्षा झाल्यावर शिकवा. सुरभी म्हणाली, मग ते स्मरणचित्र कसलं?

"तुम्हाला आठवलं ना मॅडम? तेच पोरांनी लक्षात ठेवायचं. स्मरण ते स्मरण."

सुरभी हे मला सांगायला खाली आली. उरलेले पालक अनिताबाईच्या तोंडाकडे बघून चालतात. ती गेली असती तर खोलीला पुन्हा कुलूप आणि पोरगी रोह्याच्या गाडीत. मी म्हटलं, दे एक चित्र आणि सुटका करून घे. आठवडाभर ती वरून खाली आली नाही.

मग चित्र आणून तिनं काउंटरवर ठेवलं. लावणीचं शेत होतं. लांबवर वाकलेल्या बायका, पाणी, आणि पुढे बांधावर एक माणूस बसलेला. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. एका पायाला फडक्याची पट्टी, तो पाय दुसऱ्या मांडीवर घेतलेला. शेजारी बैल, आणि बैलाच्या शिंगाला अडकवलेला रेडिओ. सगळं शेत कामात आहे आणि हा माणूस त्या रेडिओकडे असा बघतोय, की आतून कुणीतरी त्यालाच हाक मारणार आहे. मी ते बघत राहिलो आणि खोडरबर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला शार्पनर दिलं.

"हे हैबतराव आहेत," मी म्हटलं.

"ओळखलेत?"

"आंधळासुद्धा ओळखेल. सुरभी, हे पाठ करायला जरा जास्तच कुणाचं तरी आहे. पाठमोरा कर."

"करून बघितलं, काका. फुगेवालाही काढून बघितला. मला येत नाही तो."

म्हणजे बघा. मुंबईला एवढी वर्षं, आणि फुगेवाला येत नाही.

पोरांनी चित्र पाठ केलं. पाठ करण्यात आपली पोरं कुठं मागं नसतात. अनिताबाई रोज कुकरच्या शिट्या होईपर्यंत पूजाला बसवायची. खोळ, पट्टी, बैल, रेडिओ, याच क्रमानं. परीक्षेला जाताना पोरं जिन्यात एकमेकांना विचारत होती, शिंग आधी की रेडिओ आधी.

परीक्षा झाल्यावर पूजा पेन्सिल घ्यायला आली. चेहरा उतरलेला. तिनं बसथांबा हा विषय घेतला होता, कारण बसथांबा तिचा पाहिलेला होता. "सुरुवात बाकानं केली, काका," ती म्हणाली. "मग त्याच्यावर ते आजोबा बसले. मग बैल आपोआप आला."

"स्टँडवर?"

"रेडिओ कुठं अडकवणार नाही तर?"

निकाल लागला तेव्हा बाजारात वालाच्या शेंगा आल्या होत्या. सुशीलसरांच्या फुगेवाल्यांना ए आणि बी. सुरभीच्या पोरांना ओळीनं सी, खालपासून वरपर्यंत सी. सर मुद्दाम दुकानात आले, एक खडूचा बॉक्स घेतला आणि फार हळहळले. त्यांच्या ओळखीचं कुणीतरी पेपर तपासायला होतं म्हणे. त्यानं सरांना फोन करून विचारलं होतं, पेणच्या सगळ्या पोरांना मिळून एकच आजोबा आहेत का?

मला राग आला तो सरांचा नाही. फुगेवाले वर्षानुवर्षं गठ्ठ्यानं जातात, कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत, कारण फुगेवाला म्हणजे कुणीच नाही. हैबतराव एका गठ्ठ्यात दोनदा आले की पकडले जाणारच. चित्र चांगलं निघालं म्हणून पोरं बुडाली, हा हिशेब मी कुणाला समजावू? पतपेढीतल्या बाईला?

त्या रविवारी पालक वर जमले. नेमके त्याच दिवशी हैबतराव आणि नितेश दुकानात आले. नितेशच्या खिशात कंपनीचा कागद होता, सोमवारी हजर व्हायचा. हैबतरावांना निकाल कळला होता. आपलं खरं ठरल्याचा आनंद माणसाला लपवता येत नाही. थोरल्या लेकीच्या घरी न्यायला म्हणून शेंगांची पिशवीसुद्धा त्यांनी जरा मोठीच भरून आणली होती. मी त्यांच्यामागून जिना चढलो, कारण वरचा आवाज खाली गिऱ्हाइकापर्यंत यायला लागला होता.

वर प्रत्येकाच्या हातात आपापल्या पोराचा सरावाचा कागद. सगळ्यांचं एकच म्हणणं, त्या म्हाताऱ्यानं घात केला. कोण म्हणत होतं रेडिओ नको होता, कोण म्हणत होतं पट्टी. अनिताबाई फी परत मागत होती. सुरभी भिंतीला टेकून उभी होती. बॅग भरून तिच्या पायाशी होती, म्हणजे निवाडा तिनं स्वतःच लावून टाकला होता.

"कंचा म्हातारा?" हैबतरावांनी दारातून विचारलं.

कुणीतरी भिंतीकडे बोट केलं. तिथं मूळ चित्र लावलेलं होतं. हैबतराव जवळ गेले. नितेशनं घड्याळ पाहिलं.

"हा मी हाय," हैबतराव म्हणाले. मग वळून सुरभीला, "मी लावणीत बसलोय?"

"बसला होतात, बाबा."

"पायाला फाळ लागला व्हता म्हून बसलो. चार मानसांत असा बसलेला दाखवलास, लोक काय म्हनतील? बायकांना कामाला लावून हा गानी ऐकतोय. मी हवामान ऐकत व्हतो."

"गाणी लागली होती."

"हवामानाच्या आधी गानी लागायची. त्याला मी काय करू?"

अनिताबाईला एवढा धीर नव्हता. तिनं पूजाचा कागद पुढे केला. "आजोबा, तुमच्यामुळे माझ्या मुलीची ए ग्रेड गेली."

मला वाटलं, आता हे मान खाली घालतील, चार शब्द गोड बोलतील आणि पोरीला घेऊन गाडी पकडतील. तेवढ्यासाठीच तर आले होते. पण हैबतरावांनी तो कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि त्यांच्या कपाळावरची शीर फुगली.

"बाई, पाय माजा, बैल माजा, रेडिओ माजा. तुमच्या पोरीनं मला इचारलं व्हतं, काडू का म्हून? सगळ्यांनी मिळून माजी नक्कल केली, न इचारता, आन वर पैसं मागता? मागायचं तर मी मागीन." त्यांनी दुसऱ्याच्या हातातला कागद ओढला, मग तिसऱ्याचा. "ह्यानं माजा डावा पाय बांधलाय. ह्यानं खोळ उलटी घातलीय, पानी सगळं मानंत जाईल. आन ह्यो बैल हाय का बकरा?"

पालक आपापले कागद पाठीमागे घेऊ लागले. तोंडावर चूक काढणारा, तीही स्वतःच्या पायाची, असा परीक्षक त्यांना आजवर भेटला नव्हता.

हैबतराव पुन्हा मूळ चित्राकडे गेले. "ह्याच्यात उजवाच हाय," ते पुटपुटले. "पट्टी तुज्या आयच्या लुगड्याची, किनार बी तीच." मग जरा मोठ्यानं, "एक चुकलीस. रेडिओ ढवळ्याच्या शिंगाला नव्हता. ढवळ्या मारका. पवळ्याच्या व्हता."

"पवळ्याच आहे तो. उन्हानं पांढरा दिसतोय."

त्यांनी नाक लावून पाहिलं. मग विषयच बदलला, म्हणजे पवळ्याच होता.

"तू केवडीशी व्हतीस गो तवा. कुटं हायस यात?"

"यात नाही मी. मी बघत होते."

नितेशनं खिशातला कागद काढला. "मामा, रोह्याची मेमू चुकेल. साहेबांना उद्याचा शब्द दिलाय."

"दुसरा कोन बघ त्या जाग्याला," हैबतराव म्हणाले. नजर चित्रावरच. "पुडल्या वर्साला मला उभा दाखवायचा. हातात कोयता. मग बघू कोन सी देतो ते."

इथं कुणीही शहाणी मुलगी 'बरं बाबा' म्हणाली असती. बॅग उचलायची वेळ टळली होती, बाप वळला होता, निदान त्या दिवसापुरता. सुरभीनं भिंतीवरचं चित्र काढलं, गुंडाळलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी चित्र देणार नाही. उभंही नाही आणि बसलेलंही नाही. एकदा दिलं, ते चुकलं."

"मग पोरं काय बघून काडतील?"

ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. हैबतरावांच्या ते डोक्यात शिरलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, जणू ही युक्ती माझी.

फी परत करायचा विषय त्या गडबडीत मागे पडला. निम्मे पालक तरी गेलेच. अनिताबाई जिन्यात थांबून हिशेब करत होती. इंटरमीजिएट अजून बाकी, सुशीलसर मधूनच आलेल्याकडूनही पूर्ण फी घेतात, आणि सी तर मिळालेलीच आहे, तिच्या खाली काही नाही. पूजा राहिली. तिच्याबरोबर आणखी थोडी राहिली. रोह्याची जागा नितेशच्या चुलतभावाला गेली, आणि ती माझ्यामुळं गेली असं हैबतराव मला दर रविवारी ऐकवतात.

हल्ली ते सकाळच्या एसटीनं येतात. वर खोलीच्या मधोमध कोयता घेऊन उभे राहतात, छाती काढून, सगळ्या गागोद्याची कापणी एकट्यानं उरकल्यासारखे. पोरं बघतात. मग सुरभी त्यांना खाली माझ्या बाकावर पाठवते आणि पोरं आठवून काढतात. दुपारी हैबतराव पुन्हा वर जाऊन एकेक कागद तपासतात आणि तणतणत खाली येतात, कारण कुठलेही दोन कागद सारखे नसतात. एकात ते रागावलेले, एकात झोपलेले, एकात नुसता कोयता. ते मला विचारतात, यातला खरा कोणता धरायचा? मी म्हणतो, मुंबईची पदवी आहे, तिला विचारा.

परवा अनिताबाई जिन्यात भेटली. हे आजोबा परीक्षेला येणार आहेत का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, पण विषय कुठलाही येवो, पोरांना आता बघायची सवय झाली आहे. तिला ते उत्तर कुठल्या रकान्यात टाकावं कळलं नाही.

मी वर गेलो तेव्हा हैबतराव उभे होते. उभं राहणं त्यांना झेपत नाही. पाऊण तास झाला की तो जुना पाय ठणकायला लागतो. ते कुरकुरत स्टुलावर बसले, उजवा पाय दुसऱ्या मांडीवर घेतला आणि चोळू लागले. कुणी बघत नाही ना, हेही पाहून घेतलं. पूजा खाली सतरंजीवर बसली होती, मान तिरकी करून. ते खाली बाकावर गेल्यावर तिनं काढलेला कागद मी मागून पाहिला. पुन्हा पायच काढले आहेत. अनिताबाईला मी अजून सांगितलेलं नाही.